पावसात लिंप मोड, गॅरेजात ठणठणीत: जुन्या टर्बो गाडीतला येत-जात इलेक्ट्रिकल फॉल्ट कसा पकडायचा

माझी गाडी २००९ सालची टर्बो डिझेल, देवगडात समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आंब्याखाली उभी असते, आणि तिने मला दोन पावसाळे नुसतं नाचवलंय. फोंडा घाट चढताना मध्येच पिकअप जायचा, इंजिनचा पिवळा दिवा लागायचा, गाडी २५०० आरपीएमच्या वर जायला तयार नाही (यालाच लिंप मोड म्हणतात, गाडीचा कॉम्प्युटर गडबड दिसली की पॉवर कापतो) आणि मागे एसटीवाला हॉर्नवर हात ठेवून बसलेला. कडेला घ्यायची, चावी बंद, दोन मिनिटं थांबायचं, परत सेल्फ मारला की जसं काय झालंच नाही. गॅरेजात नेली की पाहुण्यांसमोर पोरं गुणी होतात तशी. मेस्त्री एक चक्कर मारून यायचे आणि म्हणायचे "भाऊ, हिला काय नाय."

तरी पण बूस्ट सेन्सर (टर्बो इंजिनात ढकलतो त्या हवेचा दाब मोजणारा) बदलला, मग एअर फ्लो सेन्सर बदलला, मग टर्बोचा दाब कमी-जास्त करणारा अ‍ॅक्च्युएटरच गेलाय असं ठरत होतं आणि त्याची किंमत ऐकून मी घरी येऊन गप्प बसलो. शेवटी निघालं काय ते पुढे सांगतो, पण साडेतीनशे रुपयात काम झालं एवढं आत्ताच सांगून ठेवतो. त्या दोन वर्षांत जे शिकलो ते इथे लिहितोय. घरी मल्टिमीटर धरता येणाऱ्या कुणालाही जमेल, फक्त घाई करणाऱ्याला जमणार नाही.

आधी हे इलेक्ट्रिकल आहे का ते तरी बघा

टर्बो गाडीत गंमत अशी की होज फाटला तरी स्कॅनरवर सेन्सरचाच कोड दिसतो. पी ०२९९ म्हणजे बूस्ट कमी पडतोय, एवढंच तो सांगतो, का कमी पडतोय ते नाही सांगत. इंटरकूलरचा रबरी होज खालच्या बाजूने चिरला असेल, क्लॅम्प ढिला असेल, व्हॅक्यूमची ती पेन्सिलएवढी नळी टोकाला तडकली असेल, सगळ्याला तोच कोड. म्हणून पहिला अर्धा तास होज बघण्यात घालवा. तेलकट काळा पट्टा दिसला की तिथून हवा निघतेय असं समजा. व्हॅक्यूम नळीचं टोक वाकवून बघा, जुनं रबर असेल तर वाकवल्यावर चीर तोंड उघडते, नुसतं बघून कळत नाही. हे सगळं ठीक असेल आणि तरी फॉल्ट कधी येतो कधी जातो, चावी बंद करून चालू केल्यावर पळून जातो, तर मग वायरिंगकडे वळायचं.

सामान

फार काही नको. मिन-मॅक्स बटण असलेला मल्टिमीटर घ्या, हे बटण महत्त्वाचं आहे कारण व्होल्टेज क्षणभर पडून परत आला तरी तो आकडा धरून ठेवतो (सेकंदाच्या बारीक अंशात पडलेला मात्र साध्या मीटरलाही निसटतो). ब्लूटूथवाला ओबीडी अडॅप्टर (गाडीच्या स्कॅनर लावायच्या सॉकेटमध्ये बसतो) आणि फोनवर कुठलंही लाइव्ह डेटाचं अ‍ॅप. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब होल्डरसकट, त्याला दोन वायरी आणि क्लिपा, वायर खराखुरा करंट वाहून नेते का ते भार टाकून बघायला. कपलरच्या (वायरी जोडणाऱ्या प्लगच्या) मागून घालायला बारीक टाचण्या, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, पॉलिश पेपर, दहाचा पाना. आणि आपल्या गाडीचा वायरिंग डायग्राम मिळाला तर अर्धी लढाई जिंकलात, त्यासाठी थोडे पैसे गेले तरी जाऊ देत, सेन्सरपेक्षा स्वस्तच पडतो.

दोन-चार गोष्टी आधीच. पिवळ्या कपलरना, पिवळ्या स्लीव्हच्या वायरींना हात लावायचा नाही, त्या एअरबॅगच्या असतात. कॉमन रेल डिझेलमध्ये इंजेक्टरच्या वायरीत १२ च्या कित्येक पट व्होल्ट येतात, त्यामुळे इंजिन चालू असताना तिथे टाचणी नको. हाय प्रेशरचे डिझेल पाइप तर अजिबात ढिले करू नका. बॅटरी काढताना आधी मायनस. रेडिएटरचा फॅन बोनेट उघडं असताना आपोआप फिरू शकतो, सदऱ्याची बाही सांभाळा. आणि तो २१ वॅटचा बल्ब ईसीयूच्या (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरच्या) सेन्सर वायरींना कधीच लावायचा नाही, ईसीयू जळेल. तो फक्त मोठ्या करंटच्या वायरींसाठी.

वही

हसाल, पण माझा फॉल्ट मल्टिमीटरच्या आधी वहीत सापडला होता, मला वाचता आला नाही एवढंच. डॅशबोर्डच्या कप्प्यात शंभर पानी वही ठेवा आणि प्रत्येक वेळी लिहा: तारीख, वेळ, कुठे, चढ की सपाट, कितवा गिअर, इंजिन गरम की थंड, पाऊस होता का, गाडी किती वेळ उभी होती, आणि मुख्य म्हणजे त्या वेळी गाडीत काय काय चालू होतं. एसी, ब्लोअर कितीवर, हेडलाइट, वायपर, मागच्या काचेचा हीटर, मोबाइल चार्जर सुद्धा. आणि फॉल्ट ज्या दिवशी आला नाही त्या दिवशीचं पण लिहा, नाहीतर तुलना कशाशी करणार.

माझ्या वहीत सात वेळा फॉल्ट आणि सहा वेळा पाऊस. साहजिकच मला वाटलं कपलरमध्ये पाणी जातंय. एका रविवारी गाडी अंगणात चालू ठेवून मी तांब्याने एकेका कपलरवर पाणी ओतत बसलो, आई ओसरीवरून बघतेय, म्हणाली गाडीला अभिषेक कसला करतोस. ढिम्म काही झालं नाही. सातवी नोंद होती नोव्हेंबरातली, घाटात पहाटेची. पाऊस नाही, धुकं. पुढे लिहिलेलं: "काचेवर वाफ, ब्लोअर फुल, मागचा हीटर ऑन, हेडलाइट, फॉग." ते मी लिहिलं आणि विसरून गेलो. खरं तर तिथेच उत्तर होतं, दोष पावसाचा नव्हता, पावसात आपण जे जे चालू करतो त्याचा होता.

कोड काढा, पण कोडवर विश्वास ठेवू नका

स्कॅनर लावला की आधी सगळे कोड लिहून घ्या, फ्रीझ फ्रेम असेल तर त्याचा फोटो काढा, म्हणजे कोड पडला त्या क्षणी आरपीएम किती, बूस्ट किती, बॅटरी व्होल्टेज किती ते कळतं. लिहून झाल्याशिवाय कोड पुसू नका, गॅरेजवाले पहिलं काम तेच करतात आणि पुरावा जातो. आणि कोड एकेकटा वाचू नका. एकटा पी ०२३८ आला (बूस्ट सेन्सरचा व्होल्टेज जास्त) तर त्या सेन्सरची वायर बघा, पण त्याच वेळी तीन-चार असंबद्ध सेन्सरचे कोड आले असतील तर सगळे सेन्सर एकदम मेले असं कसं होईल, त्यांचं जे सामाईक आहे ते बघायचं: पाच व्होल्टची लाइन, अर्थ (करंट बॅटरीच्या मायनसला परत जायची वाट) किंवा रिले. पी ०६४२ दिसला तर सेन्सरना जाणारा पाच व्होल्ट कमी पडतोय हे ईसीयू स्वतःच सांगतोय. यू ने सुरू होणारे कोड एकमेकांशी बोलण्यातल्या गडबडीचे, आणि बॅटरी कमजोर असली की ते ढिगाने येतात, घाबरू नका. माझ्याकडे पी ०२९९ आणि पी २५६३ यायचे, दुसरा म्हणजे टर्बोच्या अ‍ॅक्च्युएटरची जागा सांगणारा सेन्सर काहीतरी भलतंच सांगतोय. म्हणून सगळे अ‍ॅक्च्युएटरच्या मागे.

आता लाइव्ह डेटा. स्वस्त अडॅप्टर हळू असतो, वीस गोष्टी निवडल्या तर प्रत्येक आकडा काही सेकंदांनी येतो, म्हणून तीन-चारच निवडा: बूस्ट प्रेशर, रेल प्रेशर (इंजेक्टरना जाणाऱ्या डिझेलचा दाब), आरपीएम, ईसीयूला मिळणारा व्होल्टेज. रेकॉर्डवर लावा, गाडी दुसऱ्या कुणाला चालवायला द्या, घाटात चालवताना फोन बघायचा शहाणपणा करू नका.

मग ग्राफ असा वाचायचा. बूस्ट १८० किलोपास्कलवरून पुढच्याच नोंदीत एकदम शून्यावर आणि लगेच परत १८० वर, असं हवा कधी करत नाही, हवेच्या दाबाला पडायला वेळ लागतो आणि मुळात बाहेरच्या हवेपेक्षा एवढा खाली तो जाऊच शकत नाही. म्हणजे ती वायर किंवा कपलर. बूस्ट हळूहळू घसरत गेला तर होज, टर्बो, व्हॅक्यूम असलं काहीतरी. आणि सगळे आकडे एकाच क्षणी वेडे झाले तर सप्लाय किंवा अर्थ.

आपल्या किनाऱ्यावर एक फुकटची टेस्ट आहे. इंजिन बंद, चावी ऑन, बूस्ट सेन्सर बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. देवगड-मालवण-गुहागरात तो १०० किलोपास्कलच्या आसपास हवा. आंबोलीला, म्हणजे सुमारे ६९० मीटरवर, तो ९३ च्या जवळ यायला पाहिजे. खाली ९२ दाखवत असेल किंवा वर जाऊन पण १०० लाच चिकटून असेल तर सेन्सर किंवा त्याची वायर खोटं बोलतेय. बऱ्याचदा सेन्सरच्या तोंडावर ब्रीदरचं तेल आणि काजळी बसलेली असते, काढून कॉन्टॅक्ट क्लीनरने हलक्या हाताने धुवा, आत काडी घालू नका.

बॅटरी आणि चार्जिंग

हे पटकन उरकूया. रात्रभर उभ्या गाडीत बॅटरीवर १२.६ च्या आसपास हवे, १२.२ म्हणजे अर्धी रिकामी. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाऊ नये, मिन-मॅक्सवर लावून बघा. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५. काही नव्या गाड्यांत चार्जिंग ईसीयू ठरवतो त्यामुळे आकडा वरखाली होतो, जुन्यात सहसा नाही. मीटर एसी व्होल्टवर करून इंजिन चालू असताना बॅटरीवर लावा, अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवत असेल तर अल्टरनेटरचा डायोड गेलेला असू शकतो आणि तो सेन्सरच्या सिग्नलमध्ये कचरा घालतो. कमजोर बॅटरी बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका.

अर्थ: इथे वेळ घालवा

कोकणात मला विचाराल तर येत-जात फॉल्ट असेल तर संशयाची सुई आधी अर्थवर. समुद्राची खारी हवा, चार महिने पाऊस, दमट उन्हाळा, आणि दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ जेट्टीने नेहमी गाडी नेत असाल तर खालून खाऱ्या पाण्याचे तुषार. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात आमटी कळकते ना, तशी तांब्याची तार कळकते. हिरवी पूड होते, आणि ती बाहेरून दिसत नाही, कारण वरती प्लास्टिक शाबूत असतं.

आणि इथेच बहुतेक जण फसतात. वायरमन मीटर ओहमवर लावतो, बीप वाजतो, म्हणतो अर्थ ओके. अरे पण केबलमधल्या साठ तारांपैकी एक जरी शिल्लक असेल तरी बीप वाजणारच. मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रेझिस्टन्स ०.२ ओहम असतो आणि आपल्याला शोधायचाय त्याच्या दहावा हिस्सा. ५० अँपिअर करंट ०.०२ ओहममधून गेला की एक व्होल्ट खाल्ला. म्हणून अर्थ मोजायचा तो करंट वाहत असताना, व्होल्टमध्ये.

कसा, ते सांगतो. मीटर डीसी व्होल्टवर. काळा प्रोब बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंटावर, क्लॅम्पवर नाही, खुंटावरच, कारण क्लॅम्प आणि खुंट यांच्यामध्ये पण फॉल्ट असू शकतो. लाल प्रोब इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टच्या आत असेल तर इंजिनचा अर्थ चांगला, ०.५ वगैरे असेल तर केबल खराब. मग इंजिन चालू करा, लाल प्रोब बॉडीवरच्या त्या बोल्टवर जिथे ईसीयूचा अर्थ येतो, आणि एकेक गोष्ट चालू करत जा.

माझ्या गाडीत हे असं झालं. सगळं बंद: ०.०९. हेडलाइट लावले: ०.३१. वायपर आणि ब्लोअर फुल: ०.७८. मागच्या काचेचा हीटर: १.१२. मी प्रोब काढून परत लावला, वाटलं माझाच हात हलतोय. आमच्या एका कुडाळच्या मित्राने हे शिकवलेलं, तो फोनवर होता, म्हणाला "बघ, आदी मोज, मगे बदल, कितीदा सांगलंय तुका." तसंच सगळं चालू ठेवून गाडी जागेवरच २५०० आरपीएमला धरली, आठव्या मिनिटाला पिवळा दिवा लागला. दोन वर्षांत पहिल्यांदा तो दिवा बघून मला आनंद झाला.

झालं होतं काय, ईसीयूचा अर्थ बॉडीवर आणि टर्बोच्या अ‍ॅक्च्युएटरचा अर्थ इंजिनवर. दोघांचं शून्य एकच असायला हवं, पण बॉडीची केबल कळकल्यामुळे भार आला की ईसीयूचं शून्य एक व्होल्ट वर उचललं जायचं. अ‍ॅक्च्युएटर बिचारा बरोबरच आकडा पाठवत होता, ईसीयूला तो चुकीचा दिसत होता. बॅटरी काढली, खालचा ट्रे काढला (त्यात आंब्याची पानं आणि उंदराने साठवलेल्या सतरा काजूच्या बिया), तिथे मायनस केबलचा लग (टोकाची धातूची कडी) बॉडीला बोल्टने बसवलेला. बोल्ट चकचकीत. लगवरची काळी टेप सोलली तर आतून ओली हिरवी पूड, जरा ओढलं तर केबल हातातच आली. जेमतेम पाव भाग तारा शिल्लक होत्या.

तुमच्याकडे अर्थचे असे बोल्ट चार-पाच तरी असतील: बॅटरी ट्रेखाली, हेडलाइटच्या मागे, गिअरबॉक्सवर, पायाशी किक पॅनलच्या आत, डिकीत दिव्यांच्या मागे. सगळे मोजा. आणि जो दोष दाखवतो तोच उघडा असं नको, एकदा ट्रे काढलाच आहे तर सगळे साफ करून घ्या.

कपलर आणि वायर हलवणं

अर्थ चांगला निघाला तर मग हलवाहलवी. गाडी चालू, लाइव्ह डेटा समोर किंवा मीटर मिन-मॅक्सवर, आणि हार्नेस (वायरींचा गुंडाळलेला जुडगा) एकेक वीत पकडून हलवत जायचं, वाकवायचं, कपलर दाबायचे, थोडे ओढायचे. आकडा उडाला की तिथेच थांबा आणि परत परत तेच करा, तीनदा सलग उडाला तरच खरं. टर्बो गाडीत एक्झॉस्टच्या बाजूची वायरिंग आधी बघा, वर्षानुवर्षं भाजून इन्सुलेशन शेवेसारखं कडक होतं आणि वाकवलं की तडकतं. हीट शील्डची कड, इंजिन आणि बॉडीमध्ये वायर जिथे उडी मारते ती जागा, आणि दरवाजाच्या बिजागरीजवळची रबरी नळी. चढावर इंजिन माउंटवर पिळतं, तेव्हा उभ्या गाडीत न दिसणारा ताण वायरवर येतो. हे जागेवर बघायचं तर हँडब्रेक पक्का ओढून, जाणता माणूस स्टिअरिंगवर बसवून, ब्रेक दाबून क्लच किंचित सोडायला सांगा, आणि गाडीसमोर कुणीही उभं राहायचं नाही, बाजूने बघायचं.

कपलर उघडल्यावर पिना नुसत्या बघू नका, बाईची पिन आणि बाप्याची पिन घट्ट बसतात का बघा. (हे आमच्या वायरमनचे शब्द, माझे नाहीत.) त्याच जाडीची सुटी पिन घालून बघायची, सहज सरकली तर आतली पकड ढिली. पाणी तर वायरच्या आतून केशिकांसारखं वर चढतं, म्हणून ईसीयूच्या कपलरमध्ये ओल दिसली तर पाणी तिथे पडलंय असं नाही, दोन फुटावरच्या कुठल्यातरी चिरेतून आलेलं असू शकतं. आणि कृपा करून टेस्टिंगसाठी इन्सुलेशनला टाचणी टोचू नका. आज टोचलेलं भोक पुढच्या श्रावणात हिरवं होतं. कपलरच्या मागून, सीलच्या कडेने, हळूच.

पाच व्होल्ट

बूस्ट, रेल प्रेशर, अ‍ॅक्सिलरेटर पेडल असे बरेच सेन्सर ईसीयूकडून पाच व्होल्ट घेतात आणि त्यातले काही एकाच लाइनवर असतात. एकाची वायर कुठे घासून बॉडीला लागली की त्या लाइनवरचे सगळे बसतात. चावी ऑन, सेन्सरचा कपलर काढून मोजा, ४.९ ते ५.१ च्या दरम्यान हवा. कमी असेल तर एकेक सेन्सर काढत जा, कुठला काढल्यावर पाच परत येतो तो गुन्हेगार. सगळे काढूनही आला नाही तर वायर. आकडा बरोबर असतानाच फॉल्ट आला तर ती लाइन सोडून पुढे.

गरम झाल्यावर येणारा, ओलं झाल्यावर येणारा

गाडी अर्धा-पाऊण तास चालली की बंद पडते, वीस मिनिटं थांबली की चालू होते, ही क्रँक सेन्सरची जुनी सवय. सेल्फ फिरताना आरपीएमचा काटा मेल्यासारखा शून्यावर पडून राहिला तर संशय पक्का (काही गाड्यांत काटा सेल्फवर हलतच नाही, म्हणून चांगल्या दिवशी आधी बघून ठेवा). केस वाळवायच्या ड्रायरने एकच सेन्सर गरम करून बघा, बाकी सगळं थंड असताना. पेट्रोल टर्बोवाल्यांनी इग्निशन कॉइल बघावी, बूस्ट चढला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतो, त्यामुळे तडकलेली कॉइल सपाटीला चालते आणि चढावर मिस मारते.

ओलाव्यासाठी इस्त्रीचा पाण्याचा स्प्रे वापरा, माझ्यासारखा तांब्या नको. एका वेळी एकच कपलर, मध्ये पाच मिनिटं. तापलेल्या टर्बोवर, एक्झॉस्टवर आणि अल्टरनेटरवर पाणी नको. आणि वायपरखालची जाळी काढून बघाच, आंबा-फणसाची पानं कुजून तिथलं पाणी जायचं भोक बुजतं, मग पाणी तुंबून केबिनमध्ये फ्यूज बॉक्सवर किंवा काही गाड्यांत थेट ईसीयूच्या डब्यात उतरतं. पायाखालचा कार्पेट उचलून हात लावा. जुनी गाडी विकत घेताना तर हे सगळ्यात आधी. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं तेव्हा पाण्यात बुडालेल्या गाड्यांपैकी कुठली कुठे विकली गेली कुणाला माहीत, सीटच्या खालच्या रेलवर आणि सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्याच्या मुळाशी गाळाची रेघ दिसते का बघा.

छोटे उपद्रवी

रिले: त्याच नंबरचा हॉर्नचा रिले तिथे घालून चालवून बघा. ईसीयूच्या मेन रिलेच्या आतला कथिलाचा डाग (सोल्डर) तडकला की खड्ड्यात इंजिन क्षणभर जातं, मुंबई-गोवा हायवेने याची टेस्ट फुकट होते. चावीचा स्विच: किल्ल्यांचा जुडगा जड असेल तर आतले कॉन्टॅक्ट झिजतात, इंजिन चालू ठेवून जुडगा हलवून बघा, पण गाडी उभी असताना. ब्रेक पेडलचा स्विच: बऱ्याच डिझेल गाड्यांत त्यात दोन कॉन्टॅक्ट असतात, दोघांचं जुळलं नाही की ईसीयूला वाटतं पाय ब्रेकवर आहे आणि पॉवर कापतो. हा स्विच स्वस्त असतो आणि याच्याकडे कुणी बघत नाही. फ्यूज: नुसता डोळ्याने नाही, दोन्ही टोकांवर व्होल्टेज मोजा, पाय कळकलेले असतात.

सगळं ठीक आणि यू कोड येतच राहिले तर कॅन लाइन, म्हणजे गाडीतले ईसीयू एकमेकांशी बोलतात त्या दोन वायरी. बॅटरीची मायनस काढून पाच मिनिटांनी ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये ओहम मोजा, बहुतेक गाड्यांत ६० च्या आसपास येतो, कारण दोन टोकांना १२० चे दोन रेझिस्टर असतात. १२० आला तर एक टोक तुटलंय, शून्याजवळ आला तर दोन वायरी चिकटल्या. काही गाड्यांत मधे गेटवे असतो तिथे हा हिशोब लागत नाही, डायग्राम बघा.

गाडी उभी राहून बॅटरी उतरते

हे खास चाकरमान्यांसाठी, गाडी गावी ठेवून जातात आणि गणपतीला येऊन धक्का मारतात. मायनस केबल काढून तिच्या आणि खुंटाच्या मध्ये मीटर १० अँपिअरवर जोडा, दरवाजे बंद, बोनेटचं कुलूप स्क्रू ड्रायव्हरने बंद स्थितीत दाबून ठेवा, आणि चाळीस मिनिटं लांब राहा म्हणजे सगळे ईसीयू झोपतील. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज गेलाच समजा. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक, तरी ४५ अँपिअर-अवरची बॅटरी अठरा-वीस दिवसांत अर्धी होणार, गणित सरळ आहे. अर्धा अँपिअर असेल तर दोन दिवसांत. मग फ्यूज उपटत बसू नका, एकेका फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन ठिपक्यांत मिलिव्होल्ट मोजा, जिथे आकडा दिसतो ते सर्किट जागं आहे. बाहेरून बसवलेला म्युझिक सिस्टिम आणि सेंट्रल लॉक हे माझ्या माहितीतले मोठे चोर.

दुरुस्ती किनाऱ्याला टिकेल अशी

हिरवी झालेली वायर नुसती घासून चालत नाही, तांबं लालसर चमकेपर्यंत मागे कापत जा, कधीकधी वीतभर कापावी लागते. जोड शक्यतो क्रिम्पचा, त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह. नुसता डाग दिला की डागाच्या कडेला तार कडक होते आणि हादऱ्याने तिथेच तुटते. बोटींना वापरतात तशी कथिलाचा मुलामा दिलेली तार बंदराजवळच्या दुकानात मिळते का विचारा, मी तीच घातली. अर्थच्या बोल्टखालचा रंग धातू दिसेपर्यंत घासायचा, लग घट्ट करायचा, आणि ग्रीस घट्ट केल्यानंतर वरून, आधी नाही. कपलरच्या सीलला सिलिकॉन ग्रीस. काळी टेप गुंडाळून पाणी अडतं हा गैरसमज आहे, ती पाणी आत धरून ठेवते, माझ्या लगचं तेच झालं.

काम झालं की आधी मोजलेलं सगळं तसंच परत मोजा. माझं सगळं चालू असताना ०.०७ आलं. मग वहीत जशी परिस्थिती लिहिली होती तशीच मुद्दाम तयार केली, पहाटे, ब्लोअर फुल, मागचा हीटर, दिवे, फोंडा घाट तिसऱ्या गिअरवर. दाजीपूरला टपरीवर चहा घेतला आणि खाली उतरलो. अ‍ॅक्च्युएटर जुनाच आहे. काढून ठेवलेला जुना बूस्ट सेन्सर पण परत लावून बघितला, तोही नीट चालतोय, नवा आता डिकीत पडलाय, कुणाला पाहिजे तर सांगा.